पाऊण सेकंदातला प्राणवायू

फुप्फुसातील हवा आणि रक्त यांच्यामध्ये एक पटल असते. त्याची जाडी अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरचा दोन हजारावा भाग. एका अंगाला वायुकोश, दुसऱ्या अंगाला केशवाहिनी. ऑक्सिजन रक्तात उतरतो तो या पटलातून, आणि उतरताना शरीर त्याला ढकलत नाही की ओढत नाही. जिकडे त्याचा दाब जास्त तिकडून, जिकडे कमी तिकडे तो आपला आपण सरकतो. या सरकण्याला विसरण म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ अडॉल्फ फिक यांनी १८५५ साली विसरणाचा नियम मांडला. तो फुप्फुसाला लावला तर किती वायू पलीकडे जाईल हे चार गोष्टींवर ठरते: दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक, पटलाचे क्षेत्रफळ, पटलाची जाडी आणि त्या वायूचा अंगचा गुण. नियमात न दिसणाऱ्या आणखी दोन गोष्टी रुग्णाच्या खाटेपाशी तितक्याच मोलाच्या ठरतात. एक, रक्ताला पटलापाशी मिळणारा वेळ. दुसरी, रक्तातले हिमोग्लोबिन.

या सहाही गोष्टी एकाच तालुक्यात पाहायला मिळाव्यात असे भिवापूर आहे. नागपूरहून उमरेडमार्गे गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव मिरचीसाठी ओळखले जाते. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. हंगामात इथल्या मिरची सातऱ्यांवर, म्हणजे मिरची निवडण्याच्या जागांवर, बाया ओळीने बसून लाल मिरचीचे देठ खुडतात, मजुरी वजनावर मिळते. शेजारच्या उमरेड भागात कोळशाच्या खुल्या खाणी आहेत. शिवारात धान, सोयाबीन, कापूस. मळणीच्या दिवसांत कुटाराची धूळ, पावसात भिजलेल्या तणसाची बुरशी आणि गॅस आला तरी अंघोळीचे पाणी तापवणारी चूल. इथे आरोग्याचे काम करणाऱ्या परिचारिकेला, आशाताईंना आणि डॉक्टरांना धाप लागलेला माणूस भेटतो, तेव्हा या सहांपैकी नेमकी कोणती बाजू ढासळली आहे, हाच खरा प्रश्न असतो.

दाबापासून सुरुवात केली पाहिजे, कारण तिथे भिवापूरला काही अडचण नाही. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० मिलिमीटर पारा असतो. त्यात ऑक्सिजनचा वाटा एकवीस टक्के, म्हणजे सुमारे १६० मिलिमीटर. नाकातून आत जाताना हवा ओली होते. त्या बाष्पाचा दाब ४७ मिलिमीटर. तो वजा जाता ऑक्सिजनचा दाब १५० वर येतो. वायुकोशापर्यंत पोचताना कार्बन डायऑक्साइड जागा अडवतो आणि रक्त सतत ऑक्सिजन उचलत असते, त्यामुळे तिथे उरतो साधारण १०० मिलिमीटर. शरीरभर फिरून परतलेल्या रक्तात ऑक्सिजनचा दाब ४० असतो. हा साठ मिलिमीटरचा उतार म्हणजे विसरणामागची सगळी ताकद. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच आहे आणि भिवापूरची उंचीही फार वेगळी नाही. एवढ्या उंचीने आत घेतलेल्या ऑक्सिजनचा दाब पाच-सहा मिलिमीटरने घटतो, त्याची दखल शरीर घेत नाही. लेहला गोष्ट वेगळी. तिथे साडेतीन हजार मीटरवर हवेचा दाबच पाचशे मिलिमीटरच्या खाली असतो आणि धडधाकट तरुणालाही जिना चढताना थांबावे लागते. वैदर्भीय माणसाला गावात धाप लागत असेल तर हवेला दोष देऊन सुटका नाही. कारण शरीरातच शोधायचे.

दाबाचा उतार एका वेगळ्या तऱ्हेने मात्र गावातही मोडतो. श्वासनळ्या आकसल्या, कफाने भरल्या किंवा श्वासच उथळ झाला, की वायुकोशातली हवा बदलत नाही आणि तिथला ऑक्सिजनचा दाब घसरतो. दम्याच्या झटक्यात, किंवा विषबाधेने वा सर्पदंशाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात तेव्हा, पटल शाबूत असते, तरी पलीकडे जायला ऑक्सिजनच शिल्लक नसतो. धानपट्ट्यात मण्यार चावलेला रुग्ण दवाखान्यात येतो तेव्हा त्याच्या फुप्फुसात बिघाड नसतो. त्याला कोणी तरी श्वास देत राहण्याची गरज असते.

दुसरी गोष्ट क्षेत्रफळ. माणसाच्या फुप्फुसांत सरासरी अठ्ठेचाळीस कोटी वायुकोश मोजले गेले आहेत आणि त्यांच्या भिंती उलगडून पसरल्या तर सुमारे सत्तर चौरस मीटर जागा व्यापतील. या सबंध पसाऱ्यावर एका वेळी असणारे रक्त मात्र जेमतेम सत्तर मिलिलिटर, अर्ध्या कप चहाएवढे. इतके थोडे रक्त इतक्या मोठ्या जागेवर पसरते, म्हणून थर पातळ राहतो आणि काम झपाट्याने होते. बिडी-सिगारेटच्या धुराने वायुकोशांमधल्या भिंती झडतात, अनेक लहान पोकळ्यांची एक मोठी पोकळी होते आणि क्षेत्रफळ घटते. छाती फुगलेली दिसते, आत हवाही भरपूर असते, पण रक्ताला भेटणारी भिंत उरलेली नसते.

हा आजार पुरुषांचा आणि बिडीचा, ही समजूत महाराष्ट्रातल्याच संशोधनाने मागे टाकली. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांमधल्या या दीर्घकालीन श्वसनविकाराकडे जगाचे लक्ष वेधले. लाकूड, शेणाच्या गोवऱ्या, पऱ्हाटी यांचा धूर हे त्यात मोठे कारण. चुलीच्या धुराची इजा भिंती झडण्यापेक्षा श्वासनळ्यांवर अधिक होते, पण परिणाम एकच: कोंदट स्वयंपाकघरात वीस-पंचवीस वर्षे काढलेल्या बाईचा श्वास पन्नाशीत अपुरा पडू लागतो. तिला आयुष्यात बिडीला हात लावला का, असे विचारून आजार वगळता येत नाही. चुलीबद्दल विचारावे लागते, आणि उत्तर ‘गॅस आहे’ असे आले तरी पाणी कशावर तापते हेही विचारावे लागते.

तिसरी गोष्ट पटलाची जाडी, आणि भिवापूरच्या संदर्भात सगळ्यांत जास्त थांबण्यासारखी जागा हीच. मिरचीचा ठसका सगळ्यांना ठाऊक असतो. मिरचीतले कॅप्सेसिन श्वासनळीतल्या चेतातंतूंना डिवचते, खोकला येतो, डोळ्यांना-नाकाला धार लागते. हा त्रास मोठा असला तरी तो वरच्या वाटेवरचा आहे. कॅप्सेसिनच्या ठसक्याने वायुकोशाचे पटल जाड होत नाही. सातऱ्यावर काम करणारीला ठसका सवयीचा होतो, आणि सवयीचा झाला म्हणून छातीतली प्रत्येक तक्रार ती मिरचीच्या नावावर टाकते. इथेच गफलत होते. दिसणारा त्रास मिरचीचा असतो, खोल जाणारा त्रास मिरचीवरच्या बुरशीचा असू शकतो.

हंगेरीत हे पूर्वीच दिसून आले होते. तिथे लाल पॅप्रिका मिरची हाताने फाडून आतल्या शिरा काढण्याचे काम प्रामुख्याने बायकाच करत. दमट राहिलेल्या, बुरशी चढलेल्या मिरच्या हाताळणाऱ्या या कामगारांना खोकला, ताप आणि वाढत जाणारी धाप असा आजार होई. वैद्यकाच्या ग्रंथांत ‘पॅप्रिका कामगारांचे फुप्फुस’ या नावाने तो नोंदला गेला. म्यूकर जातीच्या बुरशीचे बीजाणू इतके सूक्ष्म असतात की ते थेट वायुकोशापर्यंत पोचतात. शरीर त्यांना शत्रू समजून झुंजते आणि त्या झुंजीत पटलाला सूज येते. बुरशीपासून लवकर दूर झाले तर सूज ओसरते. वर्षानुवर्षे तसेच चालू राहिले तर तिथे व्रणासारखी तंतुमय ऊती तयार होते आणि पटल कायमचे जाड होते. कुजकट तणसाच्या धुळीने शेतकऱ्याला होणारा आजार याच जातीचा. कामानंतर चार ते आठ तासांनी ताप, अंगदुखी, कोरडा खोकला आणि धाप, सुटीच्या दिवशी बरे वाटणे, पुन्हा कामावर गेले की तेच, अशी त्याची खूण आहे. संध्याकाळी कणकण आणि सकाळी ठीक, हे ऐकून मलेरिया किंवा टायफॉइडच्या तपासण्या होतात आणि काम कोणते करता हा प्रश्न राहून जातो. तो केसपेपरवर पहिल्या ओळीत असायला हवा.

पटल जाड करणारी इतर कारणे सर्वत्र सारखीच. न्यूमोनियात वायुकोश स्रावाने भरतात. हृदय कमजोर झाले की रक्ताचा दाब मागे तुंबून फुप्फुसात पाणी उतरते. खाणीतली सिलिकायुक्त धूळ आणि कोळशाची धूळ गाठी तयार करते, क्षयरोग बरा झाल्यावरही व्रण मागे ठेवतो. पाण्याच्या थरातून ऑक्सिजनला वाट काढणे किती अवघड जाते, हे चौथ्या गोष्टीकडे पाहिले की कळते.

ती म्हणजे वायूचा अंगचा गुण: तो पाण्यात किती विरघळतो आणि त्याचा रेणू किती जड आहे. कार्बन डायऑक्साइडचा रेणू ऑक्सिजनपेक्षा जड, पण पाण्यात तो सुमारे चोवीस पटींनी अधिक विरघळतो; त्यामुळे त्याचे विसरण ऑक्सिजनच्या वीसपट होते. पटल जाड झाले तर अडतो ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड सहज बाहेर पडत राहतो. श्वास कोंडल्याची तगमग मेंदूला मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साचल्याने जाणवते. तो साचत नाही म्हणून ऑक्सिजन बराच खाली गेला तरी माणूस शांत बसून बोलत राहू शकतो. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनाच्या कित्येक रुग्णांनी डॉक्टरांना चकवले ते यामुळे. बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन पंच्याऐंशी टक्के आणि रुग्ण म्हणतो, मले काही नाही झालं.

ऑक्सिजन केवळ विसरणाने जातो, ही गोष्ट मान्य व्हायलाही वेळ लागला. कोपनहेगनचे ख्रिश्चन बोर, अणुशास्त्रज्ञ नील्स बोर यांचे वडील, असे मानत की फुप्फुस एखाद्या ग्रंथीसारखे ऑक्सिजन स्वतःहून रक्तात सोडते. त्यांचेच शिष्य ऑगस्ट क्रोग आणि त्यांच्या डॉक्टर पत्नी मारी क्रोग यांनी १९१० साली एकापाठोपाठ सात निबंध प्रसिद्ध करून गुरूंचे मत खोडले. इंग्लंडमधले शास्त्रज्ञ हॉल्डेन तरीही बोर यांच्याच बाजूने राहिले. १९२० मध्ये केंब्रिजच्या जोसेफ बारक्रॉफ्ट यांनी काचेच्या खोलीत, कमी ऑक्सिजनच्या हवेत सहा दिवस काढले आणि शेवटी मनगटाची धमनी उघडून स्वतःचे रक्त तपासायला दिले. रक्त काळसर होते, त्यातला ऑक्सिजनचा दाब फुप्फुसातल्या हवेपेक्षा कमी होता. फुप्फुस स्वतः ऑक्सिजन ढकलत असते तर तो जास्त असायला हवा होता. मारी क्रोग यांनी तोवर कार्बन मोनॉक्साइडचा अल्पसा अंश हुंगायला देऊन विसरणाची क्षमता मोजण्याची रीत बसवली होती. आज नागपूरच्या मोठ्या रुग्णालयांत एक श्वास रोखून होणारी ‘डीएलसीओ’ ही तपासणी तिचीच पुढची पायरी आहे.

पाचवी गोष्ट वेळ. शांत बसलेल्या माणसाचे रक्त वायुकोशाजवळच्या केशवाहिनीतून जायला पाऊण सेकंद घेते. निरोगी पटलातून ऑक्सिजन पुरेपूर भरायला त्यातला पाव सेकंद पुरतो. उरलेला अर्धा सेकंद हाताशी राखीव. माणूस धावला, ओझे घेऊन चढला, की हृदय जोराने रक्त फेकते आणि केशवाहिनीतला मुक्काम पाव सेकंदावर येतो. तरी निरोगी माणसाचे काम भागते, शिवाय एरवी मिटलेल्या केशवाहिन्या उघडून क्षेत्रफळही वाढते. पटल जाड झाले की भरायला अर्धा सेकंद लागू लागतो. बसल्या जागी तोही मिळतो, म्हणून काहीच बिघडलेले दिसत नाही. चालायला लागले की वेळ संपतो आणि रक्त अर्धवट भरून पुढे जाते.

या राखीव वेळामुळे आजार झाकला जातो, आणि भिवापूरसारख्या ठिकाणी तो कामाच्या पद्धतीने आणखी झाकला जातो. धुऱ्यावरून भाराभर पेंढ्या वाहणाऱ्याला पटलातला बिघाड लवकर कळतो, कारण त्याचे कामच चढाचे. सातऱ्यावर देठ खुडणारी बाई दिवसभर बसून असते. हात चालतात, हृदयाला घाई नसते, पाऊण सेकंद पुरा मिळतो. हातपंपावरून भरलेली गुंडी आणताना थांबावे लागते, पण त्याला वय झाले, अशक्तपणा आला, अशी नावे तयार असतात.

सहावी गोष्ट हिमोग्लोबिन. रक्ताच्या पाण्यात ऑक्सिजन फारच थोडा विरघळतो, शंभर मिलिलिटरमागे जेमतेम ०.३ मिलिलिटर. हिमोग्लोबिनचा एक ग्रॅम मात्र १.३४ मिलिलिटर धरतो. रक्तात पंधरा ग्रॅम हिमोग्लोबिन असेल तर शंभर मिलिलिटर रक्तात वीस मिलिलिटर ऑक्सिजन मावतो. शिवाय आलेला ऑक्सिजन हिमोग्लोबिनने चटकन पकडला, की रक्तातला त्याचा दाब कमीच राहतो आणि पटलावरचा उतार टिकतो. हिमोग्लोबिन निम्मे झाले की ही उचल निम्मी होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ दरम्यान, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. विदर्भात त्यात सिकलसेलची भर आहे. विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी फुप्फुसातल्या बारीक वाहिन्या बुजवतात. एकाच वेळी हिमोग्लोबिनही कमी आणि रक्त पोचणारी जागाही कमी. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. सिकलसेलच्या मुलाला ताप आणि छातीत दुखणे एकत्र आले, तर घरी थांबून पाहण्याची ती वेळ नव्हे.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर हे सगळे मोजत नाही, ही समज कामातून यावी लागते. जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली त्याचे तत्त्व मांडले. लाल आणि अवरक्त प्रकाश बोटातून सोडून, असलेल्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्के ऑक्सिजनने भरले आहे एवढेच ते सांगते. हिमोग्लोबिन सहा ग्रॅम असलेल्या बाईचा आकडाही ९८ येऊ शकतो. बंद खोलीतल्या शेगडीने कार्बन मोनॉक्साइड भिनलेल्या माणसाचा आकडाही चांगलाच दिसतो, कारण यंत्राला तो ऑक्सिजनच वाटतो. नखाला गडद रंग असेल, बोटे गार पडली असतील तर आकडा बिघडतो. गडद त्वचेवर तो खऱ्यापेक्षा थोडा जास्त दाखवतो हेही अभ्यासांनी दाखवले आहे. त्यात हिमोग्लोबिनच्या वागण्याची भर. धमनीतला ऑक्सिजनचा दाब शंभरवरून साठवर घसरला तरी टक्केवारी ९७ वरून ९० वर येते, एवढाच फरक. त्यानंतर मात्र घसरण तीव्र होते. म्हणून ९३ हा आकडा शाळेतल्या गुणांसारखा वाचू नये.

झाकलेला आजार उघडा पाडण्याचा सोपा उपाय म्हणजे रुग्णाला चालवणे. कोरोनाच्या काळात महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाने सहा मिनिटे चालण्याची चाचणी घरोघरी पोचवली. आधी बसून आकडा घ्यायचा, सपाट जागेवर सहा मिनिटे चालायचे, पुन्हा आकडा घ्यायचा. साठीच्या पुढच्यांनी तीनच मिनिटे चालायचे. आकडा ९३ च्या खाली गेला किंवा तीन टक्क्यांहून जास्त घसरला तर रुग्णालय गाठायचे. या चाचणीला वीज, रसायन, तज्ज्ञ काही लागत नाही. उपकेंद्राचा व्हरांडा पुरतो. साथ ओसरली आणि ही चाचणीही विस्मरणात गेली, हे नुकसान आहे. चूल, खाण, सातरा, मळणी यांच्याशी वर्षानुवर्षे संबंध असलेल्या आणि धापेची तक्रार करणाऱ्या प्रत्येकाची ती व्हायला हवी. मात्र बसूनच आकडा कमी असेल, छातीत दुखत असेल तर चालवू नये.

बाहेरून दिलेला ऑक्सिजन उपयोगी पडतो तो पहिल्या गोष्टीच्या, म्हणजे दाबाच्या वाटेने. पटल पातळ करता येत नाही, क्षेत्रफळ वाढवता येत नाही, पण उतार वाढवता येतो. नाकातल्या नळीतून मिनिटाला दोन लिटर दिला तर आत जाणारा ऑक्सिजन साधारण २८ टक्के होतो. पटल जाड झालेल्या रुग्णाचा आकडा यावर वर चढतो. चढत नसेल तर कारण वेगळे: रक्त हवेला न भेटताच पुढे जात आहे. बहुतेक आजारांत हवा एका भागात आणि रक्त दुसऱ्या भागात, असा बेमेळही विसरणाच्या अडचणीत मिसळलेला असतो. कोरोनात रुग्णाला पालथे झोपवल्याने फरक पडे तो हा मेळ सुधारल्यामुळे. बिडीने किंवा चुलीच्या धुराने झालेल्या जुन्या श्वसनविकाराच्या रुग्णाला मात्र ऑक्सिजन मोजूनच द्यावा लागतो, आकडा ८८ ते ९२ च्या दरम्यान ठेवून. जास्त दिल्यास कार्बन डायऑक्साइड साचून तो गुंगीत जाऊ शकतो.

एप्रिल २०२१ मध्ये विशाखापट्टणमहून निघालेल्या पहिल्या ऑक्सिजन एक्सप्रेसचे तीन टँकर नागपूरला उतरले आणि भिलाईच्या पोलाद कारखान्यातला द्रवरूप ऑक्सिजन रस्त्याने येत राहिला, तेव्हा नागपूर जिल्ह्यातल्या प्रत्येकाला लिटरचा हिशेब कळला. तो हिशेब भिवापूरला रोजच लागतो. रुग्णवाहिकेतल्या लहान सिलेंडरमध्ये भरल्यावर सुमारे दीड हजार लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला दहा लिटर द्यायचा तर तो अडीच तास पुरतो. भिवापूर ते नागपूरचे ‘मेडिकल’, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, हे अंतर लांबचे. उमरेडला गर्दी, शहरात सिग्नल आणि दारात खाट मिळेपर्यंतची वाट. अर्धवट भरलेला सिलेंडर वाटेतच संपतो. गंभीर रुग्णाला घेऊन गाडी सुटण्यापूर्वी सिलेंडरवरचा दाबाचा काटा पाहावा, उरलेल्या लिटरना दर मिनिटाला लागणाऱ्या लिटरनी भागावे, आणि वेळ पुरत नसेल तर दुसरा सिलेंडर गाडीत चढवल्याशिवाय निघू नये.